भंडारदऱ्याच्या काठावर तंबूतली रात्र: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीची मंडळी वर्षातून दोनदा, एकदा डिसेंबरात आणि एकदा जूनच्या तोंडावर, भंडारदऱ्याला तलावाकाठी मुक्कामाला जातात. सुरुवात चार घरांनी झाली. आता ऐरोली, कोपरखैरणे, खारघरहूनही नातेवाईक आणि मैत्रिणी येतात. जाण्याआधीच्या आठवड्यात माझा फोन सारखा वाजतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

ठाण्यात इतके तलाव आहेत, शेजारी येऊरचं जंगल आहे. मग दीडशे किलोमीटर लांब कशाला जायचं?

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. त्या जंगलात रात्री तंबू ठोकायला परवानगी नाही, आणि नसावीच. बिबट्यांना आपण राहायला जागा फार थोडी ठेवली आहे. शहापूरकडचा तानसा तलाव अभयारण्यात येतो, शिवाय ते मुंबईचं पिण्याचं पाणी. मोरबे हे नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण, म्हणजे वाशी-नेरुळच्या नळाला येणारं पाणी. या काठांवर मुक्कामाचा विचारही करू नये.

खारघर-पनवेलच्या लोकांना पवना तलाव जवळ पडतो हे खरं. पण तिथे शनिवारी रात्री गर्दी फार असते. भंडारदऱ्याला मी पुन्हा पुन्हा जाते त्याचं कारण वेगळं आहे. तिथे आपण अनेकदा गावातल्याच कुणाच्या तरी शेतात, त्यांच्या बांधाशेजारी झोपतो. भात कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरात तंबू लागतात. जेवण त्यांच्या चुलीवर होतं. आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्यासारखं वागलो तर ती रात्र फार सुंदर जाते.

तलाव नेमका कुठे आहे? धरण कोणी बांधलं?

अकोले तालुक्यात, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात. प्रवरा नदी रतनगडाच्या अंगाने उगम पावते आणि तिच्यावर ब्रिटिशांच्या काळात हे दगडी धरण उभं राहिलं. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पूर्ण झालं. तेव्हाच्या गव्हर्नरांवरून त्याला विल्सन डॅम म्हणत, आणि मागच्या पाण्याला आर्थर लेक. साठवण सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. हे पाणी खाली संगमनेर-श्रीरामपूरकडच्या उसाला आणि गावांना जातं. आसपासचा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ सालचं. १,६४६ मीटरचं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, काठावरून सरळ दिसतं.

ठाणेकरांनी एक गोष्ट जाताना मनात ठेवावी असं मला वाटतं. याच डोंगरांत, अकोले तालुक्यातल्या देवगावात राघोजी भांगरे जन्मले. महादेव कोळी समाजाचा हा माणूस सावकारांविरुद्ध आणि कंपनी सरकारविरुद्ध लढला, आणि २ मे १८४८ रोजी त्यांना फाशी दिली गेली ती आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून आपण रोज रिक्षाने जातो. मुलांना हे मी गाडीतच सांगते, म्हणजे गावात पोचल्यावर राघोजींचं नाव कानावर पडलं की ती चमकून बघतात.

जायचं कसं?

स्वतःच्या गाडीने माजिवड्याहून नाशिक महामार्ग धरायचा: पडघा, आसनगाव, कसारा घाट, इगतपुरी, घोटी. घोटीला उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी. शेंडी हेच भंडारदऱ्याचं मुख्य गाव. चहाला थांबत गेलात तर साडेतीन-चार तास. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पाही खुला झाला. त्याने घाटाची वळणं चुकतात आणि जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट इगतपुरीला निघता येतं. दुचाकींना मात्र समृद्धीवर बंदी आहे. त्यांनी जुन्या घाटानेच यावं, आणि पावसाळ्यात धुकं असेल तर अंधार पडण्याआधी घाट चढून जावा.

रेल्वेने ठाण्याहून कसारा लोकल. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन लोकल बदलायची. कसारा स्टेशनबाहेर जीप मिळतात, घोटीला उतरून पुढे दुसरी जीप किंवा एसटी. सामान कमी असेल तर हा प्रवास मला गाडीपेक्षा जास्त आवडतो. पेट्रोल आणि रोख पैसे घोटीलाच भरून घ्या. पुढे मोबाइलला रेंज नसली की स्कॅन करून पैसे देता येत नाहीत.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सर्वांत चांगला काळ. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, शेतं मोकळी.

मार्च-एप्रिलला दिवसा ऊन कडक असतं. पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाचा चिखल वाळून भेगाळलेला असतो. मे अखेर ते जूनचा मध्य काजव्यांसाठी. जुलै-ऑगस्टमध्ये तंबूत राहू नका. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पडतो. तिथला पाऊस आपल्या ठाण्याच्या पावसासारखा थांबून थांबून येत नाही, वाऱ्यासकट आडवा येतो. एका जुलैत आम्ही हट्ट केला होता. रात्री दोन वाजता तंबूचे खिळे उपटले गेले आणि लहान मुलांसकट आम्ही अकरा जण एका घराच्या पडवीत येऊन बसलो. त्या घरच्या आजींनी काही न विचारता चूल पेटवली. पावसाळ्यात यायचंच असेल तर गावात खोली घ्या.

डिसेंबरात थंडी किती असते? ठाण्यात तर पंखा लागतो.

हाच प्रश्न लोक सर्वांत हलका घेतात. ठाणे खाडीला लागून आहे. समुद्राजवळची हवा रात्रीही फार निवत नाही. भंडारदरा घाटमाथ्यावर आहे, समुद्रापासून लांब. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. त्यात निरभ्र आकाश असलं की जमिनीची सगळी ऊब रात्रीतून वर निघून जाते, आणि तलावाकाठचं दव कपड्यांत शिरतं. पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याहून खाली जातो.

थंडी अंगावरून कमी आणि खालून जास्त येते. म्हणून दोन पांघरुणं नेण्यापेक्षा एक पांघरूण आणि खाली जाड चटई किंवा फोमची गादी हा हिशेब बरोबर. कानटोपी, पायमोजे आणि झोपण्यासाठी वेगळे कोरडे कपडे हवेतच. दिवसभर घामेजलेले कपडे घालून झोपलेला माणूस पहाटे चारला कुडकुडत उठतो. सकाळी तंबूच्या आतून पाणी टपकलं तर तंबू गळतोय असं समजू नका. आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडाला लागून त्याचं पाणी होतं. वरची जाळी थोडी उघडी ठेवली की ते कमी होतं.

मग तंबूत छोटी शेगडी ठेवली तर?

नाही. कधीही नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

कोळसा बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. रक्तात तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. विझत आलेली, नुसती लाल दिसणारी शेगडीही तितकीच धोक्याची असते. बार्बेक्यू उरकल्यावर "ऊब राहील" म्हणून शेगडी आत ओढणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत, आणि हात धरून थांबवली आहेत. गरम पाण्याची रबरी पिशवी न्या. कुणाच्याही चुलीवर पाणी तापवून मिळतं.

मुक्कामाची जागा कशी निवडावी?

तलावाभोवती रस्ता फिरतो: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. या गावांतून बऱ्याच जणांनी स्वतःच्या जमिनीवर तंबूंची सोय केली आहे. वनविभागाच्या जमिनीवर आपल्या मनाने तंबू ठोकू नये. ते अभयारण्य आहे.

फोनवर ठरवताना मी फोटो मागत नाही, प्रश्न विचारते. जागा कुणाच्या मालकीची आहे? जेवण कोण करतं? शौचालय किती आणि किती माणसांत? एका वेळी किती लोक घेता? रात्री स्पीकर लावू देता का? या शेवटच्या प्रश्नाला "तुम्हाला हवं ते करा" असं उत्तर आलं, की मी तिथे जात नाही. एका वर्षी स्वस्तात मिळालं म्हणून आम्ही गावाबाहेरच्या एका ठेकेदाराची जागा घेतली. सत्तर-ऐंशी माणसं, दोन शौचालयं, आणि ज्यांची जमीन होती ते घरचे लोक तिथे भांडी घासायला. जेवताना माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तेव्हापासून शंभर-दोनशे रुपये जास्त लागले तरी आम्ही गावातल्या घराशीच बोलतो. माणशी हजार-दीड हजारात संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, तंबू आणि सकाळचे पोहे असं आम्हाला आजवर मिळत आलं आहे.

तंबू पाण्याच्या अगदी कडेला मागू नका. थोडं उंचावर, सपाट, आणि वर वाळकी फांदी नाही अशी जागा बघा.

काजवे नक्की दिसतात का?

मे संपताना वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या असतील, हवा दमट आणि स्थिर असेल, चंद्र नसेल, तर बहुधा दिसतात. जोराचा पाऊस सुरू झाला की संपलं. म्हणून तारीख ठरवताना पंचांगात अमावस्या बघा.

आमच्यापैकी बहुतेकांनी ठाण्यात लहानपणी काजवे पाहिले होते, आमच्या मुलांनी पाहिले नव्हते. पहिल्या वर्षी हिरड्याचं एक आख्खं झाड लुकलुकायला लागलं. शेजारचं बेहड्याचं झाड थोड्या वेळाने त्याच तालावर आलं. माझा नऊ वर्षांचा भाचा माझा हात घट्ट धरून कितीतरी वेळ काही बोलला नाही. ऐन, जांभूळ, सादडा, हिरडा, बेहडा ही त्यांची आवडती झाडं.

तो प्रकाश म्हणजे बोलणं आहे. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी मिळून उजळतं, उष्णता जवळजवळ नाहीच. नर लुकलुकत मादीला बोलावतो आणि मादी झुडपातून, गवतातून उत्तर देते. अळीच्या रूपात ते महिनोन्महिने ओल्या मातीत राहतात, गोगलगायी खातात. पंख फुटल्यावरचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्या थोड्या रात्रींत आपण गाडीचे हेडलाइट, मोबाइलचे फ्लॅश आणि बॅटऱ्या पाडल्या तर त्यांना एकमेकांची हाक दिसत नाही. गवतात शिरून चाललो तर माद्या पायाखाली जातात. गेल्या काही वर्षांत काजव्यांच्या शनिवारी गाड्यांची रांग किलोमीटरभर लागते, हे बघून जीव तुटतो.

तेव्हा मधल्या वारी या, शनिवार टाळा. गाडी गावात ठेवा आणि गावातला माणूस बरोबर घेऊन पायी जा. रस्ता सोडू नका. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा आणि ती फक्त पायाशी धरा. बाटलीत काजवा भरायचा नाही. मोबाइलमध्ये ते नीट येतही नाहीत, तेव्हा डोळ्यांनी बघा. वनविभाग नाक्यावर प्रवेश शुल्क घेतो आणि या काळात रात्रीच्या वाहनांवर वेळेचं बंधन घालतो. निघण्याआधी त्या वर्षीची वेळ यजमानांकडून विचारून घ्या.

तलावात पोहता येईल का?

नको. वरून शांत दिसतं, पण हा धरणाचा जलाशय आहे. तळ सपाट नाही. बुडालेली शेतं, बांध, झाडांची खोडं खाली तशीच आहेत. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल एकदम डोक्यावर पाणी नेऊ शकतं, आणि गाळात पाय रुतला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सुटता येत नाही. क्लबच्या टाकीत पोहणं आणि हे यात फरक आहे. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि ते नसेल तर होडी नाही. मुलं काठाशी असतील तेव्हा एका मोठ्या माणसाचं काम फक्त त्यांच्याकडे बघणं हेच असावं, हातात फोन नको.

साप, विंचू, बिबट्या?

बिबट्या आहे. आपण येऊरच्या पायथ्याशी राहणारी माणसं, आपल्याला हे नवीन नाही. तो माणसांच्या घोळक्याकडे सहसा येत नाही. रात्री एकटं लांब जाऊ नये, उष्टं-खरकटं तंबूबाहेर टाकू नये.

सापाची काळजी जास्त घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप सह्याद्रीत आहेत. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि तिचा दंश इतका हलका असतो की डास चावला असं वाटतं. म्हणून तंबूची चेन रात्रभर पूर्ण बंद. बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकून घालायचे. अंधारात चप्पल नाही, बूट, आणि हातात बॅटरी. दगड किंवा लाकूड उचलताना आधी पायाने हलवून बघा.

चावलाच तर कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, वेळ लक्षात ठेवा आणि थेट दवाखान्यात न्या. ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागाची मदत हवी असेल तर १९२६. रेंज नसेल तर यजमानांना उठवा. कुठल्या टेकाडावर फोन लागतो हे त्यांना पाठ असतं, आणि त्यांची जीप तुमच्या गाडीपेक्षा लवकर पोचते.

शेकोटी करता येते का?

यजमानांनी ठरवलेल्या जागी, त्यांच्याकडून विकत घेतलेल्या लाकडांची. जंगलात जाऊन फांद्या तोडायच्या नाहीत, पडलेली लाकडंही गोळा करायची नाहीत. निजण्याआधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळायची. फेब्रुवारीपासून गवत इतकं वाळतं की एक ठिणगी डोंगर पेटवते. तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत आम्ही शेकोटी करतच नाही.

जेवायला काय असतं?

भाकरी, पिठलं, ठेचा, वांग्याचं भरीत, गावठी कोंबडीचा रस्सा, भात. शाकाहारी मंडळींनी आधी सांगावं, वेगळं भांडं ठेवतात. पनीर आणि नूडल्स मागू नका एवढीच माझी विनंती. या तालुक्याचा काळभात चवीला आणि वासाला फार छान. त्यांच्याकडे असेल तर तोच मागा. देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. इथलं वाल-पावट्याचं कालवण खाल्लं की त्यांनी काय राखून ठेवलं ते जिभेला कळतं.

गाणी लावली तर चालतील?

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर कायद्यानेच बंद आहे. दहाच्या आधीही मी नकोच म्हणेन. शेजारच्या घरात पहाटे चारला उठून गुरं सोडणारी माणसं झोपलेली असतात. पेटी किंवा गिटार आणा, भेंड्या लावा, आवाज आपल्या गोलापुरता ठेवा. दारू आम्ही नेत नाही. पाणी जवळ, अंधार, आणि अनोळखी जमीन, हे तिन्ही एकत्र असताना शुद्धीत राहावं. ड्रोन अभयारण्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

लहान मुलं आणि आजी-आजोबांना जमेल का?

जमतं. आमच्याबरोबर दोन वर्षांचं बाळही होतं आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या आजीही. आजींना तंबूत वाकून शिरायला त्रास होतो, त्यांच्यासाठी गावातल्या घरात खाट सांगून ठेवा. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या न्या. मुलांच्या गळ्यात शिट्टी अडकवा, हरवलं तर वाजवायला. शौचालय बहुतेक ठिकाणी देशी असतं. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारून ठेवा.

रात्री आकाशात काय दिसतं?

घोडबंदर रोडवरून जेवढे तारे दिसतात त्याच्या कित्येक पट. डिसेंबरात जेवणं झाली की पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेलं असतं, त्याच्या खाली व्याध झळझळतो, डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला, डोंगराच्या थोडं वर, अगस्ती. अगस्ती ऋषींचा आश्रम इथून खाली अकोले गावात प्रवरेच्या काठी आहे, हे यजमानांपैकी कुणीतरी सांगतंच. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात. त्या वर्षी चंद्र नसेल तर रजा टाकून यावं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. तोवर कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी काय बघावं?

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. त्याच्या दगडी कोरीवकामासमोर निवांत अर्धा तास बसा. घाटघरचा कोकणकडा: तिथून खाली दिसतो तो आपल्याच ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका. घाटघरचं पाणी कड्याच्या पोटातून खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतात आणि तेच पाणी पुन्हा वर चढवतात. साम्रदची सांदण दरी बघायची तर वेगळा दिवस काढा आणि वाटाड्या घ्या. पावसाळ्यात तिथे उतरायचं नाही. कळसूबाई एका मुक्कामात उरकण्याचा प्रयत्न करू नका.

कचऱ्याचं काय?

आपला आपण ठाण्याला परत आणायचा. गावात घंटागाडी येत नाही. तिथे टाकलेलं प्लास्टिक जाळलं जातं किंवा पावसाच्या पहिल्या पाण्याबरोबर तलावात जातं. आम्ही माणशी एक कापडी पिशवी देतो आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेत नाही, घरच्या भरून नेतो. वेट वाइप्स (ओले टिश्यू) आणि सॅनिटरी पॅड खड्ड्यात पुरू नका, गुंडाळून परत आणा.

सोबत काय काय न्यायचं?

वर बरंचसं आलंच आहे. राहिलेलं: हेडलॅम्प, जास्तीचे सेल, डास पळवायचं मलम, प्रथमोपचाराची पेटी, टॉवेल, स्टीलचं ताट-वाटी-पेला, पॉवर बँक. इस्त्रीचे कपडे आणि मोठी चाकांची बॅग नको, बांधावरून ती ओढता येत नाही. यजमानांच्या मुलांना चॉकलेटं वाटत सुटू नका. काही न्यायचंच असेल तर आधी फोन करून काय हवंय ते विचारा. मागच्या वेळी त्यांनी शाळेसाठी भिंतीवरचं घड्याळ सांगितलं होतं.

रविवारी परत कधी निघावं?

अकरा वाजता, फार तर बारा. दुपारनंतर नाशिककडून येणारी गर्दी मिळते आणि पडघ्यापासून माजिवड्यापर्यंत दोन तास जातात. निघताना ताटं-भांडी स्वतः घासून द्या, पैसे हातात द्या, आणि घरात जी बाई दोन दिवस चुलीपाशी होती तिला भेटून निघा. तांदूळ विकत मिळत असेल तर त्यांच्याचकडून पाच किलो घ्या. आमच्या सोसायटीत तो जानेवारीभर पुरतो.